शिट्टीच्या आधी गेलेलं पाकीट

हमीद सर गेले, त्यांचा चाळिसावा मागच्या शुक्रवारी झाला. आता त्यांच्यावर लिहायला हरकत नाही. याच्या आधी मी एक ओळ जरी छापली असती तरी सर रागावले असते. मेलेला माणूस रागावत नाही, असं मला कुणी समजावू नये. सर का रागावले असते ते पुढे कळेलच.

बुलढाणा जिल्ह्यात, धाड गावाच्या पलीकडे आमचं गाव. गावातल्या माध्यमिक शाळेत सर मराठी शिकवायचे, आणि जिल्ह्याच्या एका लहानशा दैनिकाचे वार्ताहरही होते. उंच, सडसडीत, खांद्यात थोडे वाकलेले. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेनाची शाई कायम खिशाला लागलेली असायची. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे खाला म्हणायचो. खाला सांगायच्या, "याईच्या शर्टाचे डाग धुता धुता माहे हात गेले."

सर वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे आणि रंगात आले किंवा वर्गाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की वऱ्हाडी. काळजी मात्र दोन्ही भाषांत करायचे. काळजी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, माझी आईच त्यात कमी नव्हती. पण सरांनी काळजीला वेळापत्रक लावलं होतं. सकाळी सातला फाट्यावर पेपराचा गठ्ठा उतरायचा, तेव्हा ते तिथे उभे. आपली बातमी असो नसो, पेपर उभ्यानंच उघडायचे आणि शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. मी एकदा विचारलं, "सर, आज तर आपलं काहीच नाही त्याच्यात."

"म्हनून तं पाहून राह्यलो. नसलेलं काही छापून आलं तं?"

आमचं लिहिणं सुरू झालं ते निबंधाच्या वह्यांमुळे. आठवीच्या वर्गात चाळीस वह्यांमध्ये एकच निबंध निघाला, गाइडातला. सरांनी वह्या बंद केल्या, सगळ्या वर्गाला मैदानावर नेलं, आणि सातवीच्या पोरांची कबड्डी सुरू होती ती पाहायला बसवलं. परत आल्यावर म्हणाले, जे झालं ते लिहा. मी लिहिलं, 'कबड्डी हा आपल्या देशाचा प्राचीन खेळ आहे.'

"प्राचीन तू पाह्यला का?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग काय पाहिलंस?"

मी चाचरत म्हणाले, "सर, गजाननची चड्डी फाटली आणि तो एका हातानं चड्डी धरून दोघांना बाद करून आला."

"हे लिही की! हे टाकून प्राचीन काय लिहून राह्यली?"

वर्ग पोट धरून हसला. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलेलं वाक्य लिहिलं, आणि ते लिहिताना मला भीती वाटली, कारण ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तेव्हापासून दर सोमवारी प्रत्येकानं एका खेळाची बातमी आणायची, असा दंडक झाला. खेळ कुठलाही चाले. कबड्डी, खो-खो, कुस्त्यांचा आखाडा, अगदी पाराखालच्या गोट्यासुद्धा. बसायचं मात्र हरणाऱ्यांच्या बाजूला. "जितलेल्याचं नाव सारं गाव सांगते," सर म्हणायचे, "हारलेल्याचं कोन सांगीन?" हरणाऱ्यांची नावं बापाच्या नावासकट, आडनावासकट लिहायची. आणि बातमीच्या खाली एक ओळ सक्तीची होती: 'प्रत्यक्षदर्शी', पुढे आपलं पूर्ण नाव, आणि आपण कुठे बसून पाहिलं ती जागा. ती ओळ नसली तर सर बातमी वाचायचेच नाहीत. असली तर वही हातात घेऊन पहिला प्रश्न एकच, "शिट्टी आइकली का?"

म्हणजे सामना संपल्याची शिट्टी आपल्या कानांनी ऐकली का. त्याच्या आधी पेन काढायचं नाही. आकडे टिपा, नावं टिपा, पण वाक्य नाही. आम्ही मागून त्यांची नक्कल करायचो. डब्यात भाजी काय आहे असं कुणी विचारलं तरी दुसरी म्हणायची, शिट्टी आइकली का?

चांगल्या बातम्या भिंतीवर लागायच्या. कागद कुठून आणायचा? त्या वर्षांत नवं कपाशीचं बियाणं घराघरात आलं होतं आणि कृषी केंद्रवाले गावभर रंगीत पोस्टरं वाटत होते. पुढून ढिगानं फुटलेली पांढरीशुभ्र बोंडं आणि हसणारा शेतकरी, मागून कोरी बाजू. आमचं भित्तिपत्रक त्या कोऱ्या बाजूवर निघायचं. मुलींच्या खो-खो संघाला टी-शर्टही त्यांचेच मिळाले होते, पाठीवर बियाण्याच्या जाहिरातीसकट. पुढच्या साली कपाशीवर लाल्या पडला. पानं लाल होऊन गळाली, बोंडं जागीच वाळली. तेव्हा सरांनी मुलींना टी-शर्ट उलटे घालायला लावले. शिवणी बाहेर, जाहिरात आत. दुसऱ्या शाळेच्या मुली हसल्या. सर म्हणाले, "हासू द्या. ज्यानं गावाचं तोंड पाडलं ते पोरींच्या पाठीवर नको."

त्या सालापासून सोमवारची वही ही निराळीच गोष्ट झाली. एखाद्याची बातमी आली नाही की सर दुसऱ्या तासापर्यंत थांबायचे, मग सायकल काढायचे. शाळेला वाटायचं, मास्तर गृहपाठासाठी घरी जातो. पण मास्तरला गृहपाठाची पडलेली नव्हती. गावात कपाशी बुडालेल्या एका घरी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाहेरून जीपमधून पत्रकार आले, पारावर तासभर बसले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात गेलेल्या माणसाचं नाव चुकीचं छापलं होतं. सरांनी तो पेपर फाट्यावरच घडी करून खिशात घातला आणि तीन दिवस तो खिशातून काढला नाही.

गजाननची एक बातमी मला आठवते. गोट्यांच्या खेळाची, आठच ओळींची. शेवटची ओळ होती, 'मग बाबा वावरातून आले आणि काही न बोलता गोट्यांमध्येच बसले म्हणून खेळ थांबला.' आम्ही हसलो. सर हसले नाहीत. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली, वही मिटली, आणि उरलेले तास दुसऱ्या मास्तरांवर टाकून गजाननच्या घरी गेले. तिथे काय झालं ते गजानननंच सांगितलं. सर त्याच्या बापाशेजारी ओट्यावर बसले आणि त्याच्या तरुणपणीच्या कबड्डीच्या गोष्टी विचारत राहिले. कुणाकुणाला पकडलं, कोण निसटलं, कुठल्या गावच्या जत्रेत. बाप आधी हूं की चूं करेना. मग एका नावावरून दोघांचं बिनसलं, तो गडी पाडळीचा की सावळीचा यावर. भांडण चांगलं रंगलं तेव्हा सर उठले. नंतर पंधरा दिवस रोज संध्याकाळी ते तिकडे जाऊन तेच भांडण पुढे चालवायचे. गजाननचा बाप आजही आहे, आणि तो गडी पाडळीचाच, असं आजही म्हणतो.

एवढं सगळं सांभाळणाऱ्या माणसाला मी काय दिलं, ते आता सांगते.

मी दहावीत होते. आमच्या बातम्या सरांच्या दैनिकात आठवड्यातून एकदा छापून यायला लागल्या होत्या, आणि त्यातल्या जास्त माझ्या असायच्या. मला त्याची घमेंड होती. त्या हिवाळ्यात मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना धाडच्या मैदानावर होता. आम्ही विरुद्ध मेहकरकडच्या एका खेड्यातली शाळा. जिंकणारा संघ अमरावतीला जाणार. नेमके वेचणीचे दिवस होते. ही नवी कपाशी एकदमच फुटायची, त्यामुळे घरोघरी सगळे हात एकाच वेळी वावरात लागायचे. त्यातून प्रत्येक मुलगी एकेका दिवसासाठी घरच्यांशी भांडून आलेली होती. आमच्याही, त्यांच्याही.

बातमीचं पाकीट पावणेपाचच्या बुलढाणा गाडीच्या कंडक्टरजवळ द्यायचं, तो ते स्टँडवर पोचवायचा. ती गाडी चुकली की बातमी दुसऱ्या दिवशी शिळी. सर संघाबरोबर मैदानात होते. पाकीट बंद करण्याआधी वाचणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज न वाचता देतो. मले भेव वाटून राह्यलं, पन देतो."

सामना उशिरा सुरू झाला. शेवटची पाळी, मेहकरच्या मुली पाठलागावर, आमच्या तिघींच्या तुकडीतली सुनीता एकटी उरून पळत होती आणि हाताला लागत नव्हती. त्यांना जिंकायला आमच्या चार मुली बाद करायच्या होत्या आणि अडीच मिनिटं उरली होती. अडीच मिनिटांत चार? मी मनातल्या मनात हिशेब केला. तिकडे स्टँडवर गाडी लागलेली दिसत होती. मी मैदानाच्या कडेला बसून लिहिलं, आमच्या संघाचा थरारक विजय, सुनीताचा अभेद्य बचाव. पराभूत संघाची नावं पाच टिपली होती, तेवढीच घातली. खाली लिहिलं, 'प्रत्यक्षदर्शी : वंदना भास्कर जाधव, मेहकर संघाच्या बाजूने.' आणि पळत जाऊन कंडक्टरच्या हातात पाकीट ठेवलं.

परत आले तेव्हा उलट्या टी-शर्टातल्या आमच्या मुली जमिनीवर बसून रडत होत्या. सुनीता बाद झाली होती. तिच्यामागून आत गेलेल्या तिघी घाबरून पाठोपाठ बाद झाल्या होत्या. एका गुणानं आम्ही हरलो होतो.

सर मुलींना पाणी देत होते. मला पाहून त्यांनी विचारलं, "पाकीट गेलं?"

"गेलं."

"शिट्टी आइकली का?"

समोर एस.टी.डी.चं दुकान होतं. एक फोन केला असता तर सगळं निस्तरलं असतं. मी सरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो सर."

त्या रात्रीचं मी सांगत नाही. सकाळी सर फाट्यावरून आले तेव्हा पेपर त्यांच्या हातात होता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "किती मिनिटं बाकी व्हती?"

"अडीच."

"अन् मले हो काऊन म्हटलं?"

"भेव वाटलं सर."

सरांनी मान हलवली. भीतीचं कारण त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. मग ते म्हणाले, "मायले इचारून ये. मेहकरले जाऊ. खाला सोबत येते."

बुलढाण्यावरून, चिखलीवरून, दोन गाड्या बदलून गेलो. खालांनी भाकरी बांधून घेतल्या होत्या, कुणी खाल्ल्या नाहीत. त्या शाळेत पोचलो तर अकरा मुली होत्या. बारावी नव्हती. जया तिचं नाव. सुनीताला बाद करणारी तीच होती. तिच्या गुरुजींनी सांगितलं, सकाळी पेपर पाहून भावानं तिला घरीच ठेवलं. खेळणं बंद, शाळाही बंद.

आम्ही थेट वावरात गेलो. जया डोक्याला फडकं बांधून कमरेच्या ओटीत कापूस वेचत होती. तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही. तिचा भाऊ बांधावर आला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. घाबरलेला होता.

"हे म्हनते आम्ही जितलो," तो सरांना म्हणाला, "अन् पेपरात साफ लिहून हाये हारल्या म्हनून. मंग हे दिवसभर गेलती कुठी? पेपर खोटं बोलते का?"

"हाव," सर म्हणाले. "बोलते. तुमची बहीन खरं बोलली. खोटं मी लिहिलं."

मी तोंड उघडलं. खालांनी माझा दंड असा धरला की त्याचे वळ दोन दिवस राहिले.

भावानं सरांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमच्या म्हटल्यानं काय होते मास्तर? गावानं पेपर वाचला. तुमाले कोन वाचते?"

"तीन दिवस द्या," सर म्हणाले. "पेपरातच दाखवतो. तवरोक तिचं नाव शाळेतून काढू नोका."

मग ते ओळीत वाकले, जयाच्या बरोबरीनं चार बोंडं वेचली आणि तिला विचारलं, "बाई, तुझं पूर्ण नाव सांग." तिनं खाली पाहूनच सांगितलं, जया विश्वनाथ इंगळे. सरांनी ते निळ्या पेनानं वहीत लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

ते तीन दिवस मला एवढेच आठवतात. सर रोज शाळा सुटली की बुलढाण्याला जायचे आणि रिकाम्या हातानं यायचे. कार्यालयातली माणसं म्हणायची, पोरींच्या खो-खोची कुणी दुरुस्ती छापतं का? चौथ्या दिवशी सकाळी मी सरांच्या आधी फाट्यावर जाऊन उभी राहिले. गठ्ठा उतरला. आतल्या पानावर चौकट होती. विजयी संघाची बारा नावं, बापाच्या नावासकट, आणि खाली, 'चुकीची बातमी माझ्याकडून गेली, मी दिलगीर आहे,' आणि सरांचं नाव. त्याच्याही खाली बारीक अक्षरात, यापुढे हे आमचे वार्ताहर नाहीत.

सरांनी ती चौकट उभ्यानं वाचली, बाराही नावं बोटानं मोजली आणि पहिल्याच गाडीनं मेहकरकडे गेले.

महिनाभरानं अमरावतीच्या सामन्यांची बातमी आली. मेहकरकडच्या मुली पहिल्याच फेरीत हरल्या होत्या. कुण्या दुसऱ्याच वार्ताहरानं नावं दिली होती, त्यात जया होती. सरांनी फाट्यावर चहा मागवला आणि बसून प्याले. त्यांना बसून चहा पिताना मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

माझ्या चुकीबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत. वार्ताहरकी गेली, भित्तिपत्रक चालू राहिलं, पोस्टरांच्या मागच्या बाजू काही संपत नव्हत्या. मी पुढे शिकले आणि बुलढाण्यालाच एका दैनिकात खेळाच्या पानावर लागले. सरांनी वार्ताहरकी का सोडली असं कुणी विचारलं, तर मी म्हणायची, झाली होती काहीतरी चूक. गावात सगळ्यांना वाटायचं, सरांची चूक.

यंदा सर आजारी पडले. छातीचं दुखणं, औरंगाबादला ऑपरेशन ठरलं. आमच्या संपादक साहेबांना ते कळलं तसं ते म्हणाले, तुझे मास्तर ना, श्रद्धांजलीचा मजकूर तयार करून ठेव, ऐन वेळी धावपळ नको. आमच्याकडे अशीच रीत आहे. मीही लिहायला बसले. अर्धं पान झालं. रविवारी त्यांना निरोप द्यायला धाडच्या स्टँडवर गेले तेव्हा ते पान पर्समध्येच होतं.

सर गाडीत खिडकीशी बसले होते, शेजारी खाला. फार वाळले होते. मला पाहून म्हणाले, "काल तुह्या हापिसातून फोन आलता. खालाले माही जन्मतारीख इचारत व्हते."

मी पर्स घट्ट धरली.

"कितीक लिहून झालं?"

"अर्धं, सर."

"शिट्टी आइकली का?" आणि ते हसले. खाला हसल्या नाहीत. सर म्हणाले, "आन इकडं."

मी खिडकीतून कागद दिला. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. एका ओळीवर बोट थांबलं. 'एका चुकीच्या बातमीमुळे त्यांना वार्ताहरकी सोडावी लागली.'

"कोनाची चूक ते नाही लिहिलं."

"सही तुमची होती, सर."

"सही माही व्हती," ते म्हणाले. "पाह्यलं कोनं व्हतं?"

कंडक्टरनं घंटी दिली. मला खूप काही बोलायचं होतं, आणि मी एवढंच म्हणाले, सर, जपून जा. गाडी वळून सिल्लोडच्या रस्त्याला लागेपर्यंत खिडकी दिसत होती. सरांनी वर पाहिलं नाही. खिशातून लाल पेन काढून ते माझ्या कागदावर वाकले होते.

सर औरंगाबादहून जिवंत परतले नाहीत आणि तो कागदही आला नाही, म्हणून हे पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. तो सामना शेवटपर्यंत मी पाहिला नव्हता. पाकीट मी पाठवलं होतं, आणि सरांना खोटं मी सांगितलं होतं.

प्रत्यक्षदर्शी : वंदना भास्कर जाधव, धाडच्या स्टँडवर, खिडकीखाली उभी राहून.